दरबारचे गाणे, मांडवातला स्वर : गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

ग्वाल्हेरच्या गाण्याची कुळकथा हद्दूखाँ-हस्सूखाँ या बंधूंपासून सांगण्याचा प्रघात आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमदखाँ गात असत. त्यांची तानबाजी या दोघा भावांनी पडद्याआड बसून ऐकली आणि काही काळाने भर दरबारात जशीच्या तशी गाऊन दाखविली, ही आख्यायिका लष्करातील जुन्या घरांना परिचित आहे. तिच्यात इतिहास किती आणि रंजन किती, हा वाद क्षणभर बाजूला ठेवावा. गाणे पडद्याच्या पलीकडचे होते, ते ऐकण्यास दरबारची परवानगी लागे, परवानगी नसलेल्याने ते चोरून ऐकायचे असे, ही त्या काळची रीत मात्र तिच्यातून स्वच्छ दिसते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी ग्वाल्हेरचीच गायकी गळ्यात असलेला एक गवई हजारोंच्या राजकीय सभेत उभा राहिला आणि अध्यक्षांनी हरकत घेतली असताही त्याने आपले गाणे पुरे केले. पडद्यापासून मांडवापर्यंतचा हा प्रवास ज्यांच्या आयुष्यात घडला, ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर जन्माने ग्वाल्हेरचे नव्हते आणि येथे त्यांचे दीर्घ वास्तव्यही झाले नाही. तरीही ग्वाल्हेरकरांनी त्यांच्यावर हक्क सांगावा, इतके त्यांचे या गावाशी नाते आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे मुलाच्या कानावर पहिले सूर पडले ते देवळातल्या कीर्तनाचे, म्हणजे ज्याला कोणतेही तिकीट नाही आणि ज्याच्या दाराशी भालदार उभा नाही, अशा गाण्याचे. पुढे त्यांनी जे काही केले त्याचे बीज या कीर्तनात शोधले तर ते वावगे ठरू नये.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडाली आणि मुलाच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. शाळेचा अभ्यास पुढे नेणे अशक्य झाले. उपचारांसाठी मिरजेस नेल्यावर, वाचनलेखनावर ज्याचा चरितार्थ चालणार नाही अशा या मुलाला गाणे शिकवावे, असा विचार निघाला. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि विष्णु पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी शिकू लागला. दृष्टी अधू झाल्याने ज्याचे आयुष्य ऐकण्यावर येऊन ठेपले, त्याला गुरू मिळाला तो त्या काळी महाराष्ट्रात दुर्मिळ असलेल्या विद्येचा धनी.

बाळकृष्णबुवांनी ही विद्या ग्वाल्हेरहून आणली होती. हद्दू-हस्सूखाँच्या परंपरेत तयार झालेले वासुदेवबुवा जोशी हे त्यांचे गुरू. त्यांच्या घरी राहून, हलाखीचे दिवस काढून बुवांनी ग्वाल्हेरच्या ख्यालाची तालीम घेतली आणि ती दक्षिणेत आणली. कृष्णाकाठी ग्वाल्हेरचा ख्याल रुजला तो या एका माणसाच्या कष्टांमुळे. मुसलमान उस्तादांनी ब्राह्मण शिष्याला दिलेली आणि त्या शिष्याने पुढे दुसऱ्या ब्राह्मण शिष्याला दिलेली ही विद्या विष्णु दिगंबरांपर्यंत पोहोचली. हा वंशवृक्ष लक्षात ठेवणे पुढील हकीकतीसाठी आवश्यक आहे.

सुमारे नऊ वर्षे ही तालीम चालली. ग्वाल्हेरच्या गायकीत स्थायी-अंतरा नीट भरून मांडायचा, शब्द स्पष्ट उच्चारायचे, आवाज मोकळा आणि पूर्ण लावायचा, असा दंडक आहे. बंद दिवाणखान्यात हा मोकळा आवाज काहींना रांगडाही वाटे. परंतु ध्वनिक्षेपक सभामंडपांत रुळण्यापूर्वीच्या काळात, कनातींच्या आत हजारो माणसे बसलेली असताना, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज हाच होता. सुरांची नाजूक कुसर करणारा गळा तेथे दहाव्या रांगेतच विरून गेला असता.

१८९६ साली मिरज सुटली, तिचे कारण वरवर क्षुल्लक होते. एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले; त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. शिष्याला बोलवायचे ते तो राजाश्रयातला होतकरू तरुण म्हणून, आणि गुरूला वगळायचे ते तो केवळ गवई म्हणून, हा त्यातला भेद या तरुणाच्या लगेच लक्षात आला. त्या काळच्या संस्थानांत गवयाचे स्थान उघड होते. त्याच्या तानेला मान होता, त्याला स्वतःला नव्हता. विष्णु दिगंबरांनी तक्रारअर्ज केला नाही, भांडणही केले नाही. त्यांनी मिरज सोडली. चोवीस वर्षांचा, डोळ्यांनी अधू, हाती फारसा पैसा नसलेला एक गायक हक्काचा आश्रय टाकून चालता झाला. त्यांच्या पुढील सर्व धडपडीचा उगम या निघून जाण्यात आहे. सभा-संमेलनांतून ते जे गायले त्याची नोंद इतिहासाने घेतली, पण मिरजेच्या दरबारी ते पुन्हा गाण्यासाठी बसले नाहीत, ही त्यांची पहिली आणि मूक तक्रार होती.

साताऱ्याहून बडोदा, तेथून सौराष्ट्र असा त्यांचा प्रवास झाला. राजकोट येथे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. अभिजात गाण्याचा अशा प्रकारचा पहिला जलसा म्हणून त्याचा उल्लेख नेहमी केला जातो. आज तिकीट काढून गाणे ऐकण्यात कोणाला नवल वाटणार नाही; तेव्हा मात्र त्याचा अर्थ फार मोठा होता. ज्याच्यापाशी माफक पैसे आहेत त्याने दारातून सरळ आत यावे, त्याची जात, हुद्दा, दरबारातली पायरी कोणी विचारू नये. गवयालाही बिदागीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये. नाटक कंपन्यांनी जे केव्हाच साधले होते ते ख्यालगायकीने या जलशात प्रथम करून पाहिले.

उत्तरेच्या या यात्रेत ग्वाल्हेरचा मुक्काम घडला. त्या वेळी गादीवर माधवराव महाराज होते. आपल्या गुरूंच्या गुरूंचे गाव म्हणून विष्णु दिगंबरांच्या दृष्टीने हे तीर्थक्षेत्रच होते आणि येथील राजघराण्यापुढे त्यांचे गाणेही झाले. पण हद्दूखाँ निवर्तून वीसहून अधिक वर्षे लोटली होती. गावात विद्या भरपूर होती आणि ती घराघरांत जपलेली होती. तिचे दार मात्र घरच्यांना व निवडक शिष्यांनाच उघडे होते. तरुण गायकाने येथे आश्रय मागितला असता तर तो मिळालाही असता. तो त्याने मागितला नाही. ग्वाल्हेरहून तो मथुरेस गेला, तेथे ब्रजभाषा शिकला, ध्रुपदांच्या चिजा जमविल्या आणि मग पंजाबची वाट धरली.

लाहोरला ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. त्यामागे कोणा एका संस्थानिकाचा खजिना नव्हता. लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ही संस्था उभी राहिली. जुन्या ग्रंथसंग्रहालयाचा हिशेब ज्यांनी कधी चालविला असेल त्यांना या वाक्यातले कष्ट सांगावयास नकोत. आरंभी विद्यार्थी फिरकेनात. कुलीन घरातला मुलगा गाणे शिकतो म्हणजे वाया जातो, अशी लोकांची समजूत होती, आणि मुलींविषयी तर बोलावयासच नको. हळूहळू वर्ग भरू लागले. पाठ्यपुस्तके नव्हती, ती पंडितजींनी लिहिली. स्वरलिपी हवी होती, ती त्यांनी स्वतःची तयार केली. पुस्तके छापण्यासाठी छापखाना घातला आणि वाद्ये मिळेनात म्हणून वाद्यांचा कारखानाही काढला. नऊ वर्षे संस्थेत राहून शिकण्याचा करार करणाऱ्या निवडक मुलांचा उपदेशक वर्ग सुरू झाला. या मुलांचा राहण्याजेवणाचा भार संस्थेवर असे.

तानसेन घडविणे आपल्या हाती नाही, पण कानसेन पुष्कळ तयार करता येतील, असे पंडितजी म्हणत, अशी आठवण सर्वत्र सांगितली जाते. तानसेनाच्या गावातील वाचकाला यात थोडा खट्याळपणाही दिसेल. परंतु पंडितजी हे गंभीरपणे बोलत होते. त्यांच्या जलशाची वेळ ठरलेली असे आणि त्या वेळीच गाणे सुरू होई. मैफिलीत पानतंबाखू, हुक्का, अधूनमधून गप्पा, उशिरा येणाऱ्या रईसासाठी पुन्हा आरंभापासून गाणे, हे सारे त्यांनी बंद करण्याचा हट्ट धरला. समोर गाणारा आहे तोवर ऐकणाऱ्याने गप्प बसावे, ही शिस्त आज नाट्यगृहांत आपोआप पाळली जाते. ती कोणी तरी आधी शिकवावी लागली. शहरातील कारकून, वकील, शिक्षक, दुकानदार अशा परस्परांना अपरिचित माणसांनी एका छपराखाली दोन तास निःशब्द बसावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. अशा सभेला दरबार म्हणता येत नव्हते आणि देऊळही म्हणता येत नव्हते. पुढे राजकीय सभांना जो श्रोतृवर्ग मिळाला, त्यातील काहींना तरी हे शांत बसणे अशा जलशांनीच शिकविले असावे.

या सुधारणेची किंमतही मोजावी लागली. शृंगारिक शब्दांच्या चिजा पंडितजींनी वगळल्या किंवा त्यांच्या जागी भक्तिपर शब्द घातले. गाण्याला घरंदाज कुटुंबांत प्रवेश मिळाला तो यामुळेच. पण ज्या उस्तादांनी आणि कलावंतिणींनी हे गाणे पिढ्यान्पिढ्या जिवंत ठेवले, त्यांच्या वाट्याला त्या नव्या घरात फारशी जागा आली नाही. याचा दोष एकट्या पंडितजींवर टाकणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या सबंध मध्यमवर्गाची तीच दृष्टी होती.

लाहोरातील ही वर्षे शहरांच्या दृष्टीने विलक्षण होती. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतले गीत रस्त्यावर आले. १९०६ च्या एप्रिलमध्ये बारिसालच्या प्रांतिक परिषदेत वंदे मातरम् चा घोष केला म्हणून पोलिसांनी प्रतिनिधींवर लाठ्या चालविल्या आणि परिषद उधळली. दोन शब्द मोठ्याने उच्चारणे हा गुन्हा ठरला, आणि तो गुन्हा कोणत्याही गल्लीत, कोणत्याही मुलाला, काहीही हाती नसताना करता येत होता. सरकारला त्याचा धाक वाटला तो याच कारणाने. पंजाबातही १९०७ च्या मे महिन्यात लाला लजपतराय यांना हद्दपार करण्यात आले.

पुढच्याच वर्षी, १९०८ साली, पंडितजींनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी २२ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. रात्रंदिवस चालणारा मागांचा खडखडाट थांबला. लष्कर बोलाविण्यात आले, गोळीबार झाला, माणसे मेली. मुंबईसारख्या शहरात भोंगा न वाजणे ही केवढी मोठी घोषणा आहे, हे तेव्हा प्रथम सर्वांना कळले. हरताळाचे शस्त्र पुढे गांधीजींनी १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध देशभर वापरले, त्याची चुणूक मुंबईने अशी आधीच पाहिली होती. एकीकडे निषिद्ध घोष आणि दुसरीकडे ठरवून पाळलेली शांतता, या दोन्हींच्या मधोमध गिरगावातील सँडहर्स्ट रोडवर पंडितजींच्या शाळेत संध्याकाळी सारेगमचे पाठ चालत.

मुंबईतील शाळा झपाट्याने वाढली. संस्थेची स्वतःची भव्य इमारत झाली. पंडितजींचे नाव देशभर झाले, आणि राष्ट्रसभेच्या वार्षिक अधिवेशनात वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांच्याकडे येऊ लागला. या गीताला राष्ट्रसभेच्या व्यासपीठावर आणले होते रवींद्रनाथ ठाकूर यांनी, १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनात. पंडितजींनी ते ख्यालगायकाच्या तयारीने, पुऱ्या आवाजात गायला घेतले. अनेकदा त्यांच्यासोबत शिष्यांचा संच असे. देशकार्यासाठी गाताना त्यांनी शास्त्राची पातळी खाली आणली नाही. गर्दीला सोपे काही तरी द्यावे, हा विचार त्यांना मान्य नव्हता. बंदिस्त दरबारासाठी घडलेला आवाज उघड्या मांडवात तितकाच कसदार लागला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१९२३ च्या डिसेंबर अखेरीस आंध्रातील काकिनाडा येथे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मौलाना महंमद अली. त्या वर्षाची हवा आधीच बिघडलेली होती. चारच वर्षांपूर्वी, एप्रिल १९१९ मध्ये, स्वामी श्रद्धानंदांनी दिल्लीच्या जामा मशिदीत हिंदु-मुसलमानांच्या प्रचंड समुदायापुढे भाषण केले होते. ते दिवस सरले होते. असहकाराची चळवळ १९२२ मध्ये थांबविली गेली, खिलाफतीचा प्रश्न विझत आला, आणि गावोगावच्या तंट्यांत मशिदीपुढील वाद्यांचा प्रश्न पुढे आला. नागपुरात त्याच वर्षीच्या शरदात मशिदीवरून वाजतगाजत दिंडी नेण्याच्या मनाईविरुद्ध सत्याग्रह झाला. टाळमृदंग कोठे वाजावा आणि कोठे थांबावा, यावरून शहरे दुभंगू लागली होती. असा हा काळ असताना पंडितजी रिवाजाप्रमाणे वंदे मातरम् गाण्यास उभे राहिले आणि अध्यक्षांनी, आपल्या धर्मात संगीत निषिद्ध आहे, या कारणाने हरकत घेतली.

मंडपात अवघडलेली स्तब्धता पसरली असणार. व्यासपीठावर एकाहून एक मोठे पुढारी बसलेले होते. पंडितजी खाली बसले नाहीत. हे राष्ट्रसभेचे व्यासपीठ आहे, कोणत्याही एका धर्माचे प्रार्थनास्थळ नाही. येथे गाण्यास मनाई करण्याचा अधिकार अध्यक्षांस पोहोचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अध्यक्षांच्या स्वागताच्या मिरवणुकीत वाद्ये वाजली ती कशी चालली, असाही त्यांचा सवाल होता, अशी हकीकत त्यांचे शिष्य सांगत. एवढे सांगून त्यांनी गाण्यास आरंभ केला आणि गीत शेवटपर्यंत नेले.

हा प्रसंग पुढे पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितला, आणि सांगणाऱ्याच्या मताप्रमाणे त्यात कोणी नायक झाला तर कोणी खलनायक. न्यायाने पाहावयाचे तर महंमद अली हे परक्या सत्तेचे हस्तक नव्हते. त्याच सत्तेच्या तुरुंगातून ते काही महिन्यांपूर्वी सुटून आले होते. त्यांची हरकत प्रामाणिक धर्मश्रद्धेची असू शकते. परंतु संगीताविषयी त्यांच्याच धर्मपरंपरेत सर्वांचे एकमत नाही, आणि याचा पुरावा ग्वाल्हेरइतका ढळढळीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. हजिऱ्याजवळ शेख महंमद घौस या सूफी सत्पुरुषाच्या भव्य मकबऱ्याच्या आवारातच तानसेनाची कबर आहे. उभ्या देशातले गवई, हिंदू असोत की मुसलमान, त्या कबरीपुढे माथा टेकवून गात आले आहेत. काकिनाड्याच्या मंडपात जो आवाज उमटला तो अशाच उस्तादांनी घडविलेला होता. त्या आवाजाला हरकत आणि प्रत्युत्तर या दोन टोकांच्या मध्ये उभे राहावे लागले, यातले दुःख त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले असेल की नाही, कोण जाणे. पंडितजींच्या बाजूने इतके मात्र म्हटलेच पाहिजे की, त्यांनी कोणाच्या श्रद्धेवर टीका केली नाही. गवयाला सभेत गाण्यापासून अध्यक्षाने रोखू नये, एवढ्याच मुद्द्यावर ते अडून बसले. सत्तावीस वर्षांपूर्वी मिरजेत गवयाच्या गुरूला समारंभातून वगळले तेव्हाही त्यांचा मुद्दा हाच होता. फरक इतकाच की, तेव्हा ते गप्प राहून निघून गेले होते. या वेळी ते जागचे हलले नाहीत आणि गप्पही राहिले नाहीत.

वाद तेथे मिटला नाही. १९३७ साली राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीने या गीताची पहिली दोनच कडवी सभांतून गावीत असे ठरविले, आणि १९५० च्या जानेवारीत राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान त्याला मिळाला. हे सारे पंडितजींच्या पश्चात घडले.

काकिनाड्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत त्यांच्यावर दुसरे संकट आले, आणि ते कोणत्याही पुढाऱ्याने आणलेले नव्हते. मुंबईची इमारत कर्ज काढून बांधलेली होती. जलशांच्या दौऱ्यांतून येणारा पैसा व्याजात जाई, व्याज फेडण्यासाठी पुन्हा दौरे काढावे लागत, आणि पंडितजी दौऱ्यावर असताना संस्थेकडे दुर्लक्ष होई. शेवटी १९२४ साली ती वास्तू लिलावात गेली. ज्यांच्या आवाजाने सभामंडप भरून जात, त्यांच्या संस्थेला स्वतःचे छप्पर उरले नाही. लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्था लोकांच्या टाळ्यांवर चालत नाहीत. त्यांना दर महिन्याला, न चुकता, थोडेथोडे देणारी माणसे लागतात. मुंबईसारख्या श्रीमंत शहरात तशी पुरेशी माणसे पंडितजींना मिळाली नाहीत, हे त्या शहराला भूषणास्पद नाही.

पंडितजींनी यावर कोणाला दूषण दिल्याचे ऐकिवात नाही. मन आधीच रामभक्तीकडे वळले होते. घरी एकामागून एक अपत्ये दगावण्याचे दुःख त्यांनी सोसले होते. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा हाती राहिला. नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापून ते भगव्या वेषात राहू लागले. तुलसीरामायणावर प्रवचने, भजने आणि रामधून हेच त्यांचे गाणे झाले. मूळचा कीर्तनकाराचा मुलगा असा पुन्हा कीर्तनाशीच येऊन ठेपला. त्यांच्या काही चाहत्यांना याचे वाईट वाटले. एवढ्या तयारीचा गायक ख्याल सोडून धून म्हणत बसला, असे ते म्हणत. त्यांची हळहळ खोटी नव्हती.

तथापि या धुनेने जे साधले ते ख्यालाला साधले नसते. पंडितजींचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे १९१८ पासून साबरमतीच्या आश्रमात होते. आश्रमाच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचे संगीत त्यांच्याकडे होते आणि आश्रम भजनावलीचे संकलनही त्यांनीच केले. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी दांडीकडे निघाले, तेव्हा त्यांच्या निवडक सत्याग्रहींच्या तुकडीत खरे होते. चोवीस दिवसांच्या, सुमारे ३८५ किलोमीटरांच्या त्या पायपिटीत वाटेवरच्या गावांनी जी रामधून ऐकली, तिची चाल परंपरेने विष्णु दिगंबरांची मानली जाते. ही धून म्हणण्यास ना तालीम लागे ना सुरेल गळा. ती कोणालाही उचलता येई आणि कायद्याने तिला गुन्हा ठरविणे कठीण होते. देवाचे नाव घेत चालणाऱ्यांना पोलिसांनी काय म्हणून अडवायचे? सायंप्रार्थनेत या धुनेआधी काही क्षण शांततेत जात आणि सोमवारी तर गांधीजींचे मौन असे. बोलणे आणि न बोलणे या दोन्हींचा असा विचारपूर्वक उपयोग करणाऱ्या त्या चळवळीला गाण्याची बाजू पुरविली ती ग्वाल्हेर परंपरेतल्या एका शिष्याने, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते.

संस्थानी मुलुखातील ग्वाल्हेरला या घडामोडी दुरून पाहाव्या लागल्या. राष्ट्रसभेचे प्रत्यक्ष राजकारण संस्थानांत चालत नसे. शहराच्या सार्वजनिक जीवनात जो आवाज होता तो गणेशोत्सवाचा, कीर्तनाचा आणि गाण्याचा. संगीतशिक्षण मात्र येथेही पडद्याबाहेर आले. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये आपले विद्यालय काढले आणि १९१८ मध्ये माधवराव महाराजांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाची घडी बसविली पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी, आणि तेथे पाठ झाले ते त्यांच्या पद्धतीचे. विष्णु दिगंबरांची स्वरलिपी देशभर गेली, परंतु ज्या गावाचे गाणे त्या लिपीत उतरविले होते त्या गावाने दुसऱ्या विष्णूची लिपी स्वीकारली. नियतीचा हा विनोद पंडितजींनीही हसून घेतला असता असे म्हणवत नाही. दोघा विष्णूंमधील मतभेद तसे तीव्र होते.

शेवटच्या काळात पंडितजींची प्रकृती ढासळत गेली. त्यांना मिरजेस नेण्यात आले आणि पस्तीस वर्षांपूर्वी जे गाव त्यांनी मानापमानाच्या प्रश्नावरून सोडले होते, तेथेच २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यांनी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी ही मंडळी आपापल्या गावी शाळा काढून बसली होती किंवा लवकरच बसणार होती. गुरूंची एक इमारत गेली, तिच्या जागी पुण्यापासून काशीपर्यंत शिकविण्याच्या अनेक खोल्या उघडल्या. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून वंदे मातरम् गाण्याचे भाग्य ओंकारनाथांना लाभले. काकिनाड्यास एका मंडपात पुरे झालेले गीत त्या सकाळी घरोघरच्या रेडिओतून ऐकू आले.

पंडितजी गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. विनायकराव आणि नारायणराव यांनी त्याला वडिलांची विद्या दिली. लाहोरला स्थिर होण्याच्या सुमारास पंडितजी जालंदरच्या हरवल्लभ मेळ्यात गायले होते. साधूच्या समाधीपाशी भरणाऱ्या त्या मेळ्यात गाणे ऐकण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे आणि गवईही तेथे केवळ सेवा म्हणून गात. १९३५ साली चौदा वर्षांच्या दत्तात्रेयाला शिष्यमंडळी जालंदरला घेऊन गेली आणि त्या मेळ्यातच त्याने प्रथम जाहीरपणे तंबोरा हाती घेतला.